साठ्यांचा ट्रेसिंग पेपर

नोकरी सुटते, पगार थांबतो, पण किस्से मात्र साचतच राहतात. आमच्या गाझियाबादच्या स्टुडिओतून बाहेर पडलेले आम्ही तीन-चार मराठी लोक भेटलो की पोह्यांबरोबर तेच निघतात. हसतो खरे, पण घरी जाताना तोंड कडू झालेलं असतं.

*

स्टुडिओत आम्ही अम्युझमेंट पार्कांची चित्रं काढायचो. किल्ले, गुहा, पाण्याच्या घसरगुंड्या. एकदा एका क्लायंटने भूतबंगल्याचं चित्र परत पाठवलं. म्हणे, भुतं फार गरीब दिसतात! आमचे मालक खन्नासाहेब "बिल्कुल" म्हणून मोकळे झाले. मग आमच्यातल्या साठ्यांनी दोन दिवस बसून भुतांना जरीचे कपडे चढवले. क्लायंट खूश. त्याने मिठाई पाठवली. डबा साठ्यांच्या टेबलावरून केबिनमध्ये गेला आणि रिकामा बाहेर आला.

*

साठ्यांसारखा हात आमच्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण स्टुडिओचा नियम असा, की मूळ चित्रावर एक अक्षर लिहायचं नाही. सगळं लिखाण वर चिकटवलेल्या ट्रेसिंग पेपरवर. गेट कुठे, संडास कुठे, कागदाची वरची बाजू कोणती, आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव. चित्र बाहेर जाताना खन्नासाहेब तो कागद स्वतःच्या हाताने फाडायचे. म्हणायचे, "क्लायंट को साफ चीज चाहिए." बावीस वर्षं साठ्यांचं नाव असं केराच्या टोपलीत गेलं आणि आम्ही सगळे बघत बसलो. मीसुद्धा.

*

साठे एकदा मुलाला घेऊन स्वतः काढलेल्या पार्कात गेले. मुलगा सहा-सात वर्षांचा. गेटवरच्या माणसाला फुशारकीने म्हणाला, हे माझ्या पप्पांनी बनवलंय. तो माणूस साठ्यांच्या चपलांकडे बघून म्हणाला, "अच्छा? तो लाइन में लगो." मुलगा आता बंगळुरूला असतो. वडील काय काम करायचे हे त्यानंतर त्याने कुणाला सांगितल्याचं साठ्यांना आठवत नाही.

*

परवा दिल्लीतल्या एका म्युझियममध्ये अशा पार्कांच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं. साठ्यांचा भुलभुलैयाचा नकाशा त्यात आहे असं कळलं. साठे इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत वहिनी. त्यांना नावाच्या पाटीचा फोटो काढून मुलाला पाठवायचा होता. तेवढ्यासाठीच आले होते दोघं.

पाटीवर होतं, 'संकल्पना व रेखाटन: खन्ना'. वहिनींनी चष्मा लावून पाटी शेवटपर्यंत वाचली. फ्रेम करणाऱ्याचं नाव होतं, दिवे लावणाऱ्याचंही होतं. "ह्यांचं दुसऱ्या पाटीवर असेल," असं म्हणून त्या अख्खा हॉल एकेक पाटी वाचत फिरून आल्या. परत आल्यावर त्यांनी फोन पर्समध्ये ठेवून दिला. माझा नुसता संताप झाला.

तेवढ्यात खन्नासाहेब पाहुण्यांना घेऊन तिथेच आले. साठ्यांना बघून "अरे, आप भी!" म्हणाले आणि नकाशाकडे वळले. तळाशी मधोमध एक गोल काढलेला होता, त्यावर बोट ठेवून सांगायला लागले, "बच्चे यहाँ से अंदर आते हैं. जादू यहीं से शुरू होता है." पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईंनी त्या गोलाचा फोटो काढला.

साठे माझ्या कानाशी लागले. म्हणाले, तो गोल म्हणजे सेप्टिक टँक आहे. नकाशा उलटा टांगलाय. वरच्या बाजूची खूण ट्रेसिंग पेपरवर होती, तीही नावाबरोबर फाटली.

मी तावातावाने पुढे निघालो. साठ्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "चित्र त्यांचं आहे ना? त्यांना माहीत असेल."