भागाबाईचं धुतलेलं लुगडं

रुखमामावशीने धुतलेला कपडा पुन्हा धुवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी ती पंचवीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. त्याआधी लोकांच्या कापसात निंदायला जायची, आणि निंदायलाही धुतलेलं नेसूनच. ढेकळांकडे पाहुणी निघाली, म्हणून आम्ही पोरं तिला चिडवायचो. शेंबडं पोर दिसलं की धरून नाक पुसणार, मग ते कुणाचंही असो. माझे तर तिने लग्नाच्या मांडवातही कान तपासले.

तिच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या आईचं, म्हणजे माझी आजी भागाबाई हिचं, एक पांढरं लुगडं होतं. छप्पन साली गावच्या लोकांबरोबर आजी दीक्षेला नागपूरला गेली, तेव्हा ती ते नेसली होती. परत आल्यावर घडी घालून ठेवलं ते ठेवलंच. पुन्हा नेसली नाही, धुतलंही नाही. काठाला दीक्षेच्या मैदानाची धूळ वीतभर तशीच राहिली.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथालयात नोकरी करतो. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या अभिलेखागाराने, म्हणजे जुने कागद नि वस्तू जपणाऱ्या विभागाने, दीक्षेला गेलेल्या साध्या माणसांच्या वस्तू मागवल्या. मी लुगड्याचा फोटो पाठवला. तासाभरात तिथल्या समीक्षा मॅडमचा फोन आला. काठावरची धूळ पाहून त्या हरखून गेल्या होत्या.

मावशी मात्र लुगडं द्यायला तयार होईना. तीन दिवसांनी तिने एवढंच विचारलं, तिथे मायचं नाव लिहितील का? आजीचं नाव आम्हाला कुठल्याच कागदावर सापडलं नव्हतं. शेत नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही, फोटो नाही. मी सांगितलं, कार्डावर लिहितील, आणि ते कार्ड लुगड्यासोबत कायम राहील. मग ती तयार झाली.

ठरलेल्या दिवशी विद्यापीठाची माणसं आमच्या कॉलेजात आली आणि मावशी सकाळच्या एसटीने. लुगडं नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं. समीक्षा मॅडमनी पांढरे हातमोजे चढवले, घडी उलगडली, एक काठ पाहिला, मग दुसरा पाहिला. लुगडं बगळ्यासारखं पांढरंशुभ्र होतं. नीळ दिलेली, खळ केलेली, वर तांब्यात निखारे भरून इस्त्रीही फिरवलेली.

धूळ कुठे गेली, असं मॅडमनी हळूच विचारलं. रिठ्याच्या पाण्यातून तीनदा काढलं, असं मावशीने मोठ्या ऐटीत सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. चारचौघांत मी तिला नाही नाही ते बोललो. सत्तर वर्षं जपलं आणि एका सकाळी वाटोळं केलं, आता हे आजीचंच कशावरून, आता कसलं नाव लागतं, असं बरंच काही. फोटोतलं लुगडं हेच, हे वरिष्ठांना कसं पटवायचं, याची मॅडमनाही चिंता पडली.

मावशी खुर्चीवर टेकली. तिचा आवाज चढला नाही.

"माह्या मायले गावानं जलमभर घाणेरडी म्हटलं, राजदीप. विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, अन् वरून म्हणत, हे लोकं आंघोळच करत नाही. तिचं लुगडं मळकं कसं देऊ मी? तिथं शिकलेले लोकं पाह्यतीन."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मावशीचं लक्ष तोवर मॅडमच्या हातांकडे गेलं होतं.

"पोरी, मी धुतलं ना आता," ती म्हणाली. "मंग मोजे काहून घालून राह्यली?"

हाताचा घाम जुन्या कापडाला लागू नये म्हणून, असं मॅडम सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि उघड्या हातांनी लुगडं उचलून छातीशी धरलं. नियमात ते बसत नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं.

मग काठाजवळचं जुनं ठिगळ त्यांनी फोटोशी ताडून पाहिलं. ते तंतोतंत जुळलं. मावशीचं सगळं बोलणं त्यांनी रेकॉर्ड करून घेतलं आणि कार्ड लिहून वाचून दाखवलं: "भागाबाई डोमाजी यांचे लुगडे. दीक्षेच्या दिवशी नेसलेले. काठाला त्या दिवसाची धूळ होती. मुलीने धुऊन दिले. कारण तिच्याच शब्दांत सोबत आहे."

पहिली ओळ मावशीने पुन्हा वाचायला लावली. मग उठून आपल्या पदराने विद्यापीठाचं ते टेबल स्वच्छ पुसलं आणि आईचं लुगडं त्यावर ठेवलं.