बोट दोन आधी कुठे गेली

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्या इंजिनिअर रेजिमेंटचा एक कॉलम, म्हणजे तुकडी, पूर मदतीसाठी उदगीरला आला. बोट दोनचा कमांडर मी होतो, हवालदार सुधाकर. माझं गाव लातूर जिल्ह्यातलं, मांजरेच्या काठचं. आपल्याला जिथे पाठवत आहेत ते आपलंच गाव आहे, हे मला ब्रीफिंगमध्ये नकाशा उघडल्यावर कळलं.

बोटीत आम्ही तिघे. मोटारीवर सॅपर, म्हणजे इंजिनिअर दलाचा जवान, सेल्वम, तमिळनाडूचा. आणि माझा बडी नायक बालाजी, माहूरचा. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. त्याचा जीव तुमच्यावर सोपवलेला आणि तुमचा त्याच्यावर. बालाजीच्या घरचे रेणुकामातेच्या पायऱ्यांशी हार-प्रसाद विकतात. आमचे जिल्हे शेजारचे, पण बोली वेगळी. त्यावरून आमचं रोज चाले. सुरुवात बालाजीची.

"काय करून राहिला बे?"

"करून राहिला काय? करायलास म्हण."

"तुझ्या लातूरचं व्याकरण तुझ्याकडंच ठेव."

मी ख्रिस्ती आहे. रेजिमेंटमध्ये बोट कामावर निघताना नारळ फोडतात. भरती झालो त्या वर्षीच सुभेदार साहेबांना सांगितलं होतं, की ओळीत मानाने उभा राहीन, पण नारळ फोडणार नाही. साहेब म्हणाले, "बोट बुडवू नको म्हणजे झालं." पुढे माझ्या बोटीचा नारळ बालाजीच फोडायचा. "तुझ्या वाटणीचा मी फोडला. खोबरं मागायचं न्हाई," असं म्हणायचा आणि सगळ्यात मोठा तुकडा मलाच द्यायचा.

हा हट्ट वडिलांचा. वडील सालगडी होते. शाळेत माझं नाव घालताना हेडमास्तर म्हणाले, "धर्म जुनाच राहू द्या. पोराच्या सवलती जातील."

"रविवारी एक आन् सोमवारी एक, आपल्याला न्हाई जमायचं गुरुजी."

सवलती गेल्या. पण त्याच हेडमास्तरांनी दर वर्षी मला पुस्तकं मिळवून दिली. मी बारावी झालो, आणि नोकरीत राहून बी.ए. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्या दोघांचं ऋण माझ्यावर आहे.

वडील गेल्यावर आई गावातच राहिली. गावाबाहेर आमचं छोटं प्रार्थनाघर आहे. मध्ये त्याला कुलूप लागलं होतं. आम्ही लोकांना धर्म बदलायला फूस लावतो, अशी तक्रार गिरणीवाल्या दिगंबरअप्पांनी केली होती. चौकशीत काही निघालं नाही आणि कुलूप उघडलं. पण आईने अप्पांच्या गिरणीत पाऊल ठेवणं सोडलं. ज्वारीचं दळण डोक्यावर घेऊन ती शेजारच्या गावाला जायची.

सकाळी आम्ही गावात शिरलो तेव्हा पाणी मातकट होतं आणि ओढ जबरदस्त. लोक दोनच जागी उरले होते. उजवीकडे प्रार्थनाघराची गच्ची, तिच्यावर दहाबारा माणसं. डावीकडे अप्पांच्या गिरणीचे पत्रे, त्यावर अप्पा, त्यांची सून आणि दोन लहान नातवंडं. मध्ये नदीच वाहत होती. एका खेपेत दोन्हीकडे जाणं शक्य नव्हतं.

मी वायरलेस सेट उचलला. "कंट्रोल, बोट दो. दो लोकेशन पे लोग हैं. ओव्हर."

कंट्रोलवरून कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "बोट दो, कंट्रोल. बोट एक दूर है. ग्राउंड आप देख रहे हो. पहले कौन, आप तय करो. ओव्हर."

बालाजी गच्चीकडे बघत होता. सुटीत तो आमच्या घरी येऊन जेवून गेला होता.

"त्या हिरव्या लुगड्यात मावशी हाय ना?"

"हाव."

"मंग बघून काय राहिला? घे तिकडं."

गिरणीची भिंत मातीची. तिचा एक कोपरा आधीच बसला होता. प्रार्थनाघराचा स्लॅब सिमेंटचा, पण पाया काळ्या मातीतला. तो आम्ही गावकऱ्यांनीच श्रमदानाने भरलेला. किती खोल भरला ते मला माहीत होतं. पुरेसा नव्हता. पाणी खिडकीच्या वर चढलं होतं.

"गिरणी आधी," मी म्हणालो.

"कुणाची गिरणी?"

"अप्पाची."

"कुलूपवाला?" बालाजी माझ्याकडे वळला. "आईला ठेवून त्याच्याकडं चालला?"

"भिंत बसायलीय बालाजी. लेकरं हायेत वर."

"आन् स्लॅब बसला त?"

मी एकदा स्लॅबकडे बघितलं. आई वाचव, असं देवाजवळ मागितलं नाही. तसं मागितलं असतं तर बोट उजवीकडे वळली असती. डोकं थंड ठेव प्रभू, एवढंच मनात म्हणालो.

"सेल्वम, लेफ्ट."

आम्ही वळलो तसा गच्चीवरून एक जण ओरडला, "ए मिल्ट्रीवाले! आमी माणसं न्हाईत का?" आई ओरडली नाही. हेल्मेट आणि लाइफ जॅकेटमुळे तिने मला ओळखलं नव्हतं. ती बसून बोटीकडे बघत राहिली.

अप्पांनी मात्र ओळखलं. "सुधाकर? आधी आईला आण बाबा. मी थांबतो."

"वाद नको अप्पा. लेकरं द्या."

बालाजीने नातवंडं उचलून घेतली, मग सून, मग अप्पा. आम्ही सुटलो आणि मागे पत्रे वाजले. वळून बघितलं तर गिरणी नव्हती.

सोयाबीनच्या रानावरून जाताना मोटार बंद पडली. रानडुकरांसाठी लोक शेताभोवती विजेची झटका तार ओढतात. पाण्याखालची ती तार मोटारीच्या पंख्यात गुंतली होती. बोट प्रवाहाला आडवी झाली आणि पाणी आत यायला लागलं. मी उतरायला म्हणून लाइफ जॅकेटचा पट्टा सोडू लागलो.

"बस. तू कमांडर हाय," बालाजी म्हणाला. बुडी मारता यावी म्हणून स्वतःचं जॅकेट काढलं, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बोटीला अडकवलं, कटर घेतला आणि उतरला. दोनदा बुडी मारली. तिसऱ्या वेळी वर आला.

"निघाली! चालू कर!"

मोटार लागली. बालाजी बोटीत चढायच्या आत प्रवाहातून मुळासकट उपटलेलं बाभळीचं झाड आलं आणि त्याच्या दोरात अडकलं. झाडाने बालाजीला ओढलं आणि त्याच्यामागे बोटीला. एक कड पाण्याखाली गेली. लेकरं किंचाळली. मी दोर दोन्ही हातांनी धरला. बालाजीने एकदा लेकरांकडे बघितलं.

मग त्याने दोर कापला.

माझ्या हातात मोकळा दोर राहिला. झाड आणि बालाजी वळणापलीकडे गेले.

"कंट्रोल, बोट दो. एक जवान बह गया. ओव्हर."

सेटवर कॅप्टन साहेब म्हणाले, "बोट दो, कंट्रोल. बोट एक ढूंढेगी. आप अपना काम पूरा करो. आउट."

अप्पांच्या घरच्यांना गावाबाहेरच्या उंच टेकावर उतरवलं आणि परत फिरलो. गच्चीला एका बाजूने भेग गेली होती. माणसं घेऊ लागलो. आई सगळ्यात शेवटी आली.

"हलू नका. मधोमध बसा," मी म्हणालो.

तिने आवाज ओळखला. "सुधाकर?"

"बस म्हणलं ना आई."

ती बसली. टेक जवळ आलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "वरून बघितलं तवा तुमी तिघं व्हता ना रं?"

मी सेल्वमला डावीकडे घ्यायला सांगितलं.

बालाजी दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला. त्याला घेऊन मी माहूरला गेलो. अंत्यविधी झाल्यावर त्याच्या आईसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. बोट उजवीकडे नेली असती तर रस्ता खोल पाण्यातून होता, तिकडे तार नव्हती, हेही सांगितलं.

त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "दोर काप म्हून कोणी सांगितलं त्याला?"

"कोणीच नाही, मावशी."

"सोताच कापला?"

"हाव."

"मंग तू कशाला त्याचं वझं घेऊन राहिला? ते त्याचं हाय."

प्रार्थनाघरातले आमचे लोक म्हणतात, तू शत्रूला आधी वाचवलंस म्हणून देवाने तुझी आई राखली. मला हा हिशेब मान्य नाही. त्या दिवशी माहूरच्या पायऱ्यांवरही एक आई देवाजवळ आपल्या पोराचा जीव मागत होती. पुन्हा तशी वेळ आली तर मी बोट डावीकडेच नेईन. पण त्या निर्णयाला मी विजय म्हणत नाही.

रविवारी प्रार्थनेत आई त्याचं नाव घेते. नव्या आलेल्यांपैकी कोणीतरी विचारतं, हा आपल्यातला होता का. उत्तर मी देतो. नायक बालाजी, राहणार माहूर. माझा बडी.