सगुणेची जिवती

श्रावणात पूजायला छापील जिवत्या बाजारात ढिगाने मिळत. तरी ठाण्यात चरईतल्या बायकांना सगुणेच्याच हातची हवी असे. लेकरांची राखण करणारी ती देवी. छापील चित्रात तिच्या मांडीवरची पोरं कुणाचीच नसत. सगुणा मात्र ज्या घरची जिवती, त्या घरचीच पोरं काढी. रंगूबाईचा नाथा तिरळा, तर चित्रातही तिरळाच. रंगूबाईने एकदा तोंड वाकडं केलं, तेव्हा सगुणेने विचारलं, देवीने त्याला ओळखावं कसं मग? रंगूबाईने तीच जिवती भिंतीला डकवली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोरा कागद घेऊन आली.

पन्नास सालच्या आषाढात विसेक घरांचे कोरे कागद आले. नाही म्हणायचं म्हटलं की सगुणेची जीभ अडे. घरची जिवती राहिली शेवटी. अमावास्येच्या संध्याकाळी देवी झाली, पाळणा झाला आणि घोटलेलं काजळ संपलं. मांडी कोरीच राहिली. आपल्या गणूला शुक्रवारी मांडीवर बसवू, पूजेच्या आधी, असं म्हणून तिने कागद तसाच भिंतीला डकवला. मंगळवारी गणूचा घसा धरला. डॉक्टर घटसर्प म्हणाले. शुक्रवारी पूजा झालीच नाही. चार वर्षांचं पोर गुरुवारीच गेलं होतं.

बायका येऊन रडून गेल्या. तोंडावर कुणी वेडंवाकडं बोललं नाही, पण पुढच्या आषाढात तिच्या दारी एकही कागद आला नाही. नवरा दौलत कोर्टात पट्टेवाला. फार बोलणारा नव्हे, पण त्याने तिला समजावलं, की आजारच तसा होता, कागदावरच्या काजळाने तो थांबणार नव्हता. सगुणेने ते घट्ट धरून ठेवलं. त्याच्यावरच ती जगली म्हणा ना.

तिसऱ्या श्रावणाआधी शेजारची कलावती आली. तिची तीन मुलं पाळण्यातच गेलेली, आणि आता सहावा महिना.

"वहिनी, हे पोटातलं चित्रात काढा," ती म्हणाली.

"कागद असतो गं तो. त्याने काही होत नाही."

"मग काढायला काय जातं तुमचं?"

सगुणेने कागद पुढे ओढला. तिने देवीच्या मांडीवर मूल काढलं. चेहरा ठाऊक नव्हता, म्हणून पाठमोरं.

कार्तिकात कलावतीला मुलगा झाला. सगुणा रोज जाऊन पाळण्यात डोकावे. पोर जगावं असं तिला अगदी आतड्यापासून वाटे, आणि ते बाळसं धरू लागलं तसं तिला ते बघवतही नसे. दौलतला हे कळेना, आणि तिला सांगता येईना.

पुढच्या आषाढात मूल रांगू लागलं. दारी पुन्हा कागदांची चळत आली. रंगूबाई सगळ्यांत आधी. बायका दाटीवाटीने ओसरीवर बसल्या आणि कलावतीने सगळ्यांदेखत पोर सगुणेच्या मांडीवर ठेवलं.

"वहिनी, तुमच्या चित्रानेच हा वाचला."

बायकांनी माना डोलावल्या. सगुणेने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"म्हणजे माझाही वाचला असता," ती म्हणाली.

कलावतीने हळूच आपलं पोर उचलून घेतलं.