भाजलेली नाचणी

ज्या बाईने मला या देशात पहिलं छप्पर दिलं, तिची चार लोकांत फजिती व्हावी म्हणून मी पाच आठवडे देवाजवळ मागत होते. हे लिहिताना लाज वाटायला हवी. थोडी वाटते, फार नाही.

आम्ही क्रॉयडनला आलो तेव्हा नवऱ्याला रेस्टॉरंटमध्ये कुकची नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. ताईंनी आपल्या घरातली वरची खोली दिली. ताई मूळच्या पुण्याच्या, वीस वर्षं इथे, फायनान्समध्ये. माझी शाळा सातवीत सुटलेली. जीपीचं, म्हणजे इथल्या डॉक्टरांचं पत्र असो नाहीतर व्हिसाचा फॉर्म, ताई चष्मा लावून स्वयंपाकघरात बसायच्या आणि ओळ न ओळ समजावून सांगायच्या. केअर होमच्या लाँड्रीतलं कामही त्यांच्याच ओळखीने मिळालं. दारात सरकारी पत्राचं ब्राऊन पाकीट पडलं की मी हातातलं काम टाकून धावायचे. ते पाकीट मी न उघडता त्यांच्या हातात द्यायचे आणि मगच श्वास घ्यायचे. हे सगळं मी विसरलेले नाही, तेव्हाही विसरले नव्हते.

ताईंना घरी बिअर करायचा नाद होता. गराजमध्ये झाकणांच्या मोठ्या बादल्या, झाकणांवर बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या, आणि चर्चच्या हॉलमधून आणलेला चहाचा जुना बॉयलर. माझ्याकडे बाटल्या धुवायचं काम. मग भाऊजींना, म्हणजे ताईंच्या मिस्टरांना, डॉक्टरांनी गहू आणि बार्ली दोन्ही बंद केलं.

“संपलं. बार्लीशिवाय कसली आलीय बिअर?” ताई म्हणाल्या.

“नाचणीची करून बघू?” मी विचारलं.

“नाचणीचं सत्त्व पाजतेस माझ्या नवऱ्याला?”

“पाजू दे की,” भाऊजी म्हणाले, “झाले तर दात तरी मजबूत होतील.”

सत्त्व मला डोळे मिटून येतं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, खमंग भाजायची, दळायची. आमच्याकडे प्रत्येक बाळाला हेच. मी तसंच पीठ करून बॉयलरमध्ये गरम पाण्यात ठेवलं. तासाभराने गोड पाणी व्हायला हवं होतं, झाली पेज. सहा वेळा पेजच झाली. ताईंनी आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. थेंब काळा पडला तर पिठूळपणा तसाच आहे, साखर झालेली नाही, आणि साखर नाही तर यीस्ट उपाशी. थेंब दरवेळी शाईसारखा काळा. चौथ्या खेपेला ताईंनी नाद सोडला. मी सोडला नाही.

सातव्या वेळी लाँड्रीत डबल शिफ्ट लागली. मोड आलेली नाचणी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या वर, वाळत पडली होती. भाजायला वेळच झाला नाही. तशीच जाडसर दळली. अर्धी आधी शिजवून पेज केली, थर्मामीटर पासष्टवर आल्यावर उरलेली कच्ची तिच्यात घातली. अर्ध्या तासात ती घट्ट पेज पाण्यासारखी सैल झाली. बोट बुडवून चाखलं तर उसाच्या रसाइतकं गोड. आयोडीनचा थेंब पिवळा तो पिवळाच. मी लाँड्रीच्या कपड्यांतच गराजच्या जमिनीवर बसले. मोडात साखर करणारं जे जिवंत असतं ते मी सहा वेळा तव्यावर मारत होते.

मग पुढचं मीच जुळवलं. हॉप्सची कडू फुलं किती, कधी घालायची, उकळी संपताना मूठभर गूळ, संत्र्याची साल नको कारण कडू होते. भाऊजींनी पहिला ग्लास तळापर्यंत संपवला. मग म्हणाले, “दुसरी बाटली आहे का गं?” त्या दिवसाइतकं कुणी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

ताईंच्या बिअर क्लबची स्पर्धा पबच्या मागच्या खोलीत होती. ताईंनी त्या बिअरची बाटली स्पर्धेत ठेवली, मलाही नेलं. पहिला नंबर आला. परीक्षकांनी विचारलं, हे सुचलं कसं? ताईंनी केस मागे सारले आणि इंग्रजीत सांगितलं, “ही माझ्या आजीची रेसिपी.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आणि ही आमच्याकडे राहते. शी हेल्प्स विथ द बॉटल्स.”

माझं इंग्रजी तेवढं समजण्यापुरतं आहे. सगळ्यांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या. बाटल्या चांगल्या धुतल्याबद्दल.

परत येताना मी म्हणाले, “ताई, आजीचं कशाला सांगितलंत?”

“अगं, लोकांना स्टोरी आवडते. तू काय एवढं मनावर घेतेस?”

बक्षीस असं होतं की रेल्वेच्या कमानीखालची एक छोटी ब्रूअरी ती बिअर त्यांच्या भांड्यात करणार, बाहेरच्या फळ्यावर करणाऱ्याचं नाव लिहिणार. नाव ताईंचं. पाच आठवडे होते. क्लबच्या फेसबुक पेजवर फोटो टाकायचे म्हणून ताईंनी मोड स्वतः आणायचं ठरवलं. माझ्याकडून कृती लिहून घेतली. मी खरीच लिहिली, फक्त ‘वाळवा’ म्हणून पुढे गेले, भाजायची नाही हे लिहिलं नाही. वही वाचून त्या म्हणाल्या, “वाळवल्यावर भाजायची असणार. आमची आई भाजायची.”

नको म्हणायला एक क्षण होता. मला तो नीट आठवतो, सिंकमध्ये नळ चालू होता.

“भाजा की,” मी म्हणाले. “खमंग भाजा.”

चार संध्याकाळी ओव्हनमध्ये ट्रेमागून ट्रे. घरभर वास. प्रत्येक ट्रेला मला सांगता आलं असतं. मी ओव्हनचे हातमोजे त्यांच्या हातात देत होते. रात्री मात्र मला झोप नव्हती: कळलं तर खोली जाईल, फॉर्म कोण भरेल, नवऱ्याला काय सांगू. सकाळी उठून पुन्हा तेच, “ताई, अजून थोडी लाल होऊ द्या.”

ब्रूअरीत पंधरा-वीस लोक जमले होते. म्हाताऱ्या ब्रूअरने भांड्यात पीठ ओतलं. तासाने आयोडीनचा थेंब टाकला. काळा. दोन तासांनी, काळा. भांड्यात पळी उभी राहील अशी पेज. मी मागे दाराशी उभी राहून ताईंच्या मानेकडे बघत होते. मान कानापर्यंत लाल झाली. मला इतकं बरं वाटलं की घाबरले.

ब्रूअरने विचारलं, हे वाळवलं कसं? ताई म्हणाल्या, रोस्टेड, माझी आजी करायची तसं. तो सावकाश म्हणाला, मग तुमच्या आजीने कधी बिअर केली नसणार.

लोक हसले. ताई माझ्याकडे वळल्या. “सांग ना गं त्यांना, काय चुकलं ते.”

“मी काय सांगू, ताई?” मी म्हणाले. “आजी तुमची.”

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती, पण तो आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याने मलाच विचारलं, बक्षिसाच्या बाटलीतली नाचणी कुणी केली होती? मी हात वर केला, शाळेत करायचे तसा. “मी. नो रोस्ट. ड्राय इन टँक कपबर्ड, विथ टॉवेल्स.” तो हसला, पण मला नाही हसला. पुढच्या महिन्यात तुझी घेऊन ये म्हणाला आणि फळ्यावरचं नाव बाहीने पुसलं.

ट्रॅममध्ये आम्ही शेजारी बसलो. तीन स्टॉप गेले.

“तुला माहीत होतं,” ताई म्हणाल्या.

नाही म्हणता आलं असतं. पण त्यांना कळलं नाही तर केलं कशाला? “हो,” मी म्हणाले.

“पाच आठवडे?”

“हो.”

मग हळू म्हणाल्या, “मी ती बाटली नेली नसती तर तुझी बिअर कुणी चाखली असती?”

खरं होतं ते. मला त्या वाक्याचा भयंकर राग आला.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “पण आजी कशाला आणलीत मधे?”

खोली सोडा म्हणतील म्हणून मी पर्सचा बंद घट्ट धरून बसले होते. आमचा स्टॉप आला. उतरताना त्या म्हणाल्या, “उद्या दोघांचे पासपोर्ट खाली आण. व्हिसाची तारीख जवळ आलीय.”

भांडल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. तेवढंही त्यांनी मला मिळू दिलं नाही. “बरं, ताई,” मी म्हणाले आणि त्यांच्या मागून चालू लागले. सॉरी ना त्या म्हणाल्या, ना मी.