बाबलीनं ओढलेली काचेची वायर

शिरोड्याच्या आसपास बाबली वायरमनाचा हात लागला नाही असं घर शोधायला गेलात, तर चपला झिजतील. तीस वर्षं त्याचा हाच धंदा. बापूस किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायचा. झिलानं समुद्राकडे पाठ केली आणि पक्कड धरली, पण बापसाची एक गोष्ट मात्र सोडली नाही, ती म्हणजे गाठ. तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. ती पाईपात आधीच घालून ठेवायची, वायरीच्या टोकाला तिची दुहेरी गाठ मारायची, पाय भिंतीला लावायचा आणि द्यायचा हिसडा. वायर आली नाही असं कधी झालं नाही.

माणूस तसा गुणी. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या घरी पंखा बंद पडला तर जेवणावरून उठून जाणार. खोड एकच. आपलं चुकलं हे म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. फ्यूज उडाला तर कंपनी चोर, दिवा मिणमिणला तर वरून करंट कमी. चार वर्षांपूर्वी लेकीनं, किशोरीनं, आपल्या मनानं बोटीवर नोकरी करणाऱ्या जितेंद्रशी लग्न केलं, तेव्हा हा बाबा वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पुढे जावई लाखात एक निघाला. बाबली बोलू लागला, हसू लागला, जावयाला सुरमई खाऊ घालू लागला. पण ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द? नाव काढू नका.

यंदा मे महिन्यात त्यानं स्वतःचं घर पुरं केलं. चिऱ्याचं, तीन खोल्यांचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उजळल्या, आता आपली. मागची खोली रंगवताना बायकोनं, तुळसानं, विचारलं, "ही कोणाक?" तर म्हणे, "अशीच आसूंदे." तुळसा काय ओळखत नव्हती? ती खोली किशोरीची होती.

आणि श्रावणात किशोरी आली. सातवा महिना लागलेला, जितेंद्र दिवाळीपर्यंत बोटीवर. पुण्यात तिची कंप्युटरची नोकरी. कंपनीनं सांगितलं, बाळंतपणापर्यंत घरून काम कर, पण एका अटीवर. सोमवारी सकाळी दहाला तुझ्या घरातलं इंटरनेट आम्ही तपासणार. पास झालं तर राहा, नाही तर परत ऑफिसात ये. मोबाईलच्या भरवशावर काही होण्यासारखं नव्हतं. चिऱ्याच्या भिंतीआड त्याला धड रेंज नाही, बोलायचं तरी अंगणात यावं लागतं. आणि परत जायचं म्हणजे श्रावणातल्या पावसात, आंबोलीचा घाट चढून, रात्रभर एसटीत धक्के खात, या अवस्थेत! आणि तिकडे पोचल्यावर भाड्याच्या खोलीत एकटी. तुळसा देवाला हात जोडू लागली. बाबली मात्र ऐटीत म्हणाला, "पाईप मी भितीतच घालून ठेवलंय. एक वायर ओढूची, झाला!"

शुक्रवारी गावातल्या केबलवाल्याकडून त्यानं वायरीचं भेंडोळं आणलं. दुकानातला माणूस बजावत होता, "बाबलीभाय, हळू ओढा हां. आत तांबा नाय, काच आसा. केसाएवढी काच."

"तीस वर्सां वायरी ओढतंय. तू माका शिकयतंस?"

झालं. किशोरीच्या खोलीच्या कोपऱ्यात पाईपाला काटकोनी वळण होतं, तिथे वायर अडली. बाबलीनं तंगूस ताणलं, गाठ पक्की केली, पाय नव्या भिंतीला लावला आणि दिला हिसडा. वायर आली. पण येताना आतून एक आवाज आला. कट. एवढासा. उडदाचा दाणा दाताखाली यावा तेवढाच.

बाबलीनं तंगूस सोडलं. त्यानं मागे वळून पाहिलं. तुळसा चुलीकडे, किशोरी झोपलेली. कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं टोक नीट गुंडाळलं, भिंतीवर उमटलेला पायाचा ठसा ओल्या फडक्यानं पुसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "झाला काम."

शनिवार त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. चहा गोड लागेना. किशोरी म्हणाली, "बाबा, जोडणीवाल्यांक फोन करा मा." तर हा म्हणतो, "बघू." दुपारी पुन्हा म्हणाली. पुन्हा "बघू". अरे, काय बघू? तिकडे घड्याळ काही तुझ्यासाठी थांबत नाही! पण चोराच्या मनात चांदणं. जोडणीवाला आला की वायर तपासणार, हे बाबलीला ठाऊक होतं. शेवटी किशोरीनंच अंगणात उभी राहून फोन लावला.

रविवारी दुपारी जोडणी करायला आरोंद्याची तेजस्वी आली. पंचविशीतली मुलगी, पाठीवर पिशवी, हातात पेनाएवढी बॅटरी. तिनं वायरीच्या पडवीतल्या टोकाला ती बॅटरी लावली आणि आतल्या खोलीत जाऊन दुसरं टोक पाहिलं. लाल उजेड यायला हवा होता. आला नाही. काळोख.

"काका, मधी खंयतरी तुटलीहा," ती म्हणाली. "ओढताना गाठ मारलात काय?"

आता हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि मोकळं व्हायचं. पण लेक समोर उभी, पोटावर हात ठेवून. बाबलीनं नजर चुकवली.

"गाठ? छे, छे! उंदीर असतलो. माडावरचे उंदीर, मेले कायय खातत."

तेजस्वीनं कपाळाला आठी घातली. "नुसती तुटली आसती तर उद्या सकाळी दुसरी घातलंय आसतंय. पण उंदीर आसा तर ती पण खातलो. मगे लोखंडी वेढ्याची वायर होयी. ती कुडाळसून येवक बुधवार उजाडतलो."

बुधवार! आणि तपासणी सोमवारी. शब्द तर सुटून गेले होते. तेजस्वी पिशवी आवरून गेली. खोटं बोलून तासही झाला नव्हता, आणि ते लेकीच्याच अंगावर शेकत होतं.

तिन्हीसांजेला तुळसानं तुळशीकडे दिवा लावला. किशोरी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबली दारात आला. बॅग उघडी दिसली.

"ह्या काय?"

"उद्या संध्याकाळची एसटी बघलंय," ती मान वर न करता म्हणाली. मग घडी हातात तशीच धरून थांबली. "बाबा, एक इचारू? खरा सांगशात?"

"काय गो?"

"तुमका मी हय रवलेली नको आसा काय?"

बाबलीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"दोन दिवस बघतंय," किशोरी म्हणाली. "फोन करा म्हटला, तर बघू. ता जोडणीवाला चेडू उद्या येवक तयार, तर तुमका उंदीर आठवलो. नव्या घरात उंदीर खंयसून इलो? तसा आसात तर सांगा. मी आपल्या मनान लगीन केलंय, तुमच्या मनातून ता गेला नसात. मी समजान घेतलंय. तुमका वायर नको, की मी नको?"

असं घाव घालणारं वाक्य बाबलीनं जन्मात ऐकलं नव्हतं. आपण लपवत होतो वायर, आणि पोरीला दिसत होतं भलतंच. तो मटकन खाटेच्या कडेवर बसला.

"चुकला गो माझा," तो म्हणाला. "उंदीर नाय, कायय नाय. मीच तोडलंय. गाठ मारलंय आणि पाय लावन ओढलंय. कट झाला ता आयकलंय मी. शुक्रवारपासून आयकतच आसंय." एकदा बांध फुटल्यावर पाणी कुठलं थांबतंय? "तुझ्या लग्नावेळाकय माझाच चुकला होता. ताय सांगूक जमला नाय."

किशोरीनं हातातली घडी खाटेवर ठेवली आणि बापाच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा.

बाबली उठला. अंगणात जाऊन त्यानं तेजस्वीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. ती म्हणाली, "ता काटकोनी वळाण भायर काढा काका, आणि मोठा गोल वळाण घाला. उद्या सकाळी आठाक येतंय मी."

छिन्नी-हातोडा घेऊन तो खोलीत शिरला तशी तुळसा धावत आली. "अवो, तिन्हीसांजेक कोण भित फोडता? लक्ष्मी येवची येळ ही!"

"लक्ष्मी येवन बसलीहा. ती जावक नको म्हणान फोडतंय."

तुळसानं पदर खोचून बॅटरी धरली. तीन महिन्यांपूर्वी रंगवलेली भिंत ढलप्याढलप्यांनी खाली आली. लाल धुळीनं तिघंही माखली. जेवणं होईतो कोपऱ्यात पोर बसेल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यात नवा पाईप ऐसपैस वळून बसला होता.

सकाळी तेजस्वी आठच्या ठोक्याला हजर. नवी वायर तिनं स्वतः सरकवली, हळूहळू, सापाला बिळात जाऊ द्यावं तशी. बाबली दुसरं टोक नुसतं धरून उभा, ओढायचं नाव नाही. लाल उजेड आला. तिनं जोड मारला, डबी बसवली, हिरवे दिवे लागले. पावणेदहा.

दहाला किशोरी भगदाडाकडे पाठ करून कंप्युटरसमोर बसली. बाबली दाराआड. पडद्यावर चाक गोल फिरत होतं, आकडे वरखाली होत होते. एकदा चित्र थांबलं तेव्हा बाबलीनं सातेरीदेवीला नारळ बोलला. पुन्हा चालू झालं. पडद्यावरून पुण्याचे साहेब म्हणाले, "उत्तम. काहीच अडचण नाही. राहा तिकडे निवांत." आणि मग हसून विचारलं, "पण मागे भिंतीला काय झालंय हो?"

लाजेनं बाबलीचे कान तापले. आता सांगेल, बापानं वायर तोडली.

"काही नाही सर," किशोरी म्हणाली, पुणेरी, स्वच्छ मराठीत. "माझे बाबा वायरमन आहेत. मी इथे राहावं म्हणून त्यांनी नव्या घराची भिंत फोडली."

तुळसा चहा घेऊन आली तेव्हा नवरा पडवीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडत होता.

"पास झाला मा?" ती घाबरून म्हणाली. "मगे रडतास कित्याक?"

एरवी त्याला कसलंही कारण पटकन सुचायचं. आज एकही सुचलं नाही. तो रडतच राहिला, आणि तुळसा चहाचे कप खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली.