पाच चांदण्यांचा अभ्यासक्रम

तुम्ही दोघं दर रविवारी फोनवर विचारता, "आजी, दिवसभर करतेस तरी काय?" आणि मी दर वेळी "काही नाही रे" म्हणून विषय तुमच्याकडच्या बर्फावर नेते. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मी फार मोठं काम केलं. एका कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची गुणवत्ता वाढवली. ती इतकी वाढली, की शेवटी कॉलेजला मला थांबवावं लागलं.

आपल्या निगडीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे राहणारी बाई बीडकडची, तिशी ओलांडलेली. चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या वायरी जुळवण्याच्या लाइनवर ती कामाला होती. सगळं काम उभ्याने. घरी आल्यावर गुडघ्यांना तेल लावणं हा तिचा रोजचा कार्यक्रम. एका संध्याकाळी मात्र ती तेलाची बाटली विसरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली.

"काकू, ऑफिसात जागा निघालीय. परचेसला. बसायचं काम!"

एखाद्या सुनेने "वेगळं बिऱ्हाड" म्हणावं, तशा सुरात ती "बसायचं काम" म्हणाली. जागा कंपनीतल्याच माणसांतून भरायची होती. परीक्षा एकच: माल पुरवणाऱ्यांना इंग्रजीत ईमेल लिहून दाखवायचा. दिवाळीनंतर. तिला काळजी नव्हती, कारण ती एका कॉलेजच्या ऑनलाइन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिथे 'व्यावसायिक इंग्रजी'त तिला 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला होता. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. उत्कृष्ट माणसं मला फार थोडी भेटली. म्हटलं, लिहून दाखव एक. माल उशिरा आलाय, असं समज.

तिने कागदावर "रिस्पेक्टेड सर" लिहिलं आणि मग ओट्यावरच्या माझ्या डब्यांकडे बघत बसली. डब्यांवर मी नावं लिहून ठेवते, पण ती मराठीत. त्यांचा तिला उपयोग झाला नाही.

"पुढचं काय शिकवलंय सरांनी?" मी विचारलं.

"शिकवलं असंल की. मी तव्हा मेथी निवडत होते."

पुढच्याच रविवारी मी ते शिक्षण डोळ्यांनी पाहिलं. मागच्या अंगणात सतरंजीवर पाचसहा बायका, सगळ्या तिच्या लाइनवरच्या आणि सगळ्या त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. मधे मेथीचा ढीग. भिंतीला ओळीने फोन टेकवून ठेवलेले, प्रत्येकावर तेच व्याख्यान, आवाज बंद. दर थोड्या वेळाने पडद्यावर हजेरीचं बटण उगवे: 'आपण हजर आहात का?' मग एक बाई हात पुसून पुढे सरकायची आणि सगळ्या फोनांवर टकटक बोट लावून परत मेथीला बसायची. आज हिची पाळी, पुढच्या रविवारी तिची. कंपनीत चहाला जाताना एकमेकींची जागा सांभाळतात, तशीच ही हजेरी सांभाळणं. इतकं शिस्तीचं कामकाज मी प्राध्यापकांच्या बैठकीत कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्या कॉलेजचे प्राचार्य पेढे घेऊन माझ्याकडे आले. एके काळी ते स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत.

"मॅडम, वरून मान्यतेसाठी समिती येतेय. बाहेरचा तज्ज्ञ म्हणून आपली सही हवी होती."

"कशावर?"

"गुणवत्तेवर."

त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. चाकणच्या कंपन्यांत गुणवत्तेचा महिना पाळतात, तर आपण मागे का राहावं, म्हणून कॉलेजने गुणवत्ता पंधरवडा पाळला. फाटकाशी रांगोळीत संगणक काढला. घोषवाक्यांची स्पर्धा घेतली. हात पुढे करून सामुदायिक शपथ झाली. ऑनलाइन विद्यार्थी शिफ्टला असल्याने त्यांच्या वतीने कार्यालयातल्या कारकुनांनी शपथ घेतली. आणि विद्यार्थ्यांचा अभिप्राय? सरसकट पाचपैकी पाच चांदण्या.

"मी आधी व्याख्यानं बघते, मग सही करते," मी म्हटलं.

त्यांचा हात पेढ्यापाशी थांबला. "सगळी? मॅडम, ती कुणीच बघत नाही हो."

मी सगळी बघितली. रोज दुपारी जेवणानंतर, पेन घेऊन. शिकवणारे सर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत. मग पुढचा मजकूर येई, तोही वाचत. मधे कुकरच्या शिट्ट्या. एके ठिकाणी ते म्हणतात, "थांबा, खोकला आला, हे नंतर कापून टाका." ते कुणी कापलं नव्हतं. पत्रलेखनाच्या धड्यात त्यांनी "आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट" हे वाक्य इतक्या प्रेमाने वाचलं, की गोरे साहेब अजून बंगल्यातच राहतात असं वाटावं.

भाडेकरूला विचारलं, अशा व्याख्यानांना तुम्ही पाच चांदण्या का देता?

"कामून म्हंजे? काकू, अभिप्राय दिल्याबिगर हॉल तिकीट उघडत नाही. आन् चारच्या खाली दिलं की ते कारण इचारतंय. शंभर शब्दांत. इंग्रजीत."

मी खुर्चीत टेकून बसले. इंग्रजी शिकवलं नाही, अशी तक्रार करायची तर आधी इंग्रजी यायला हवं. ज्याने ही सोय केली, त्याला मी मनोमन सहावी चांदणी दिली.

सही न करणं सोपं होतं. पण प्राचार्यांनी फोनवर हळूच सांगितलं, मान्यता अडकली की या वर्षीचे निकालही अडकतील. म्हणजे माझा बाणेदारपणा मागच्या खोल्यांत राहणारीला महागात पडायचा. आणि सही केली, तरी तिला ईमेल लिहिता येणार नव्हता तो नव्हताच. शेवटी मी एक अट घातली: इंग्रजीचा एक जिवंत तास, दर रविवारी, बटणाशिवाय.

"कल्पना उत्तम आहे, पण शिकवणार कोण?"

आपल्या तोंडाने आपण कसे अडकतो, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. अहवालात मी लिहिलं, "व्याख्याने उपलब्ध आहेत. शिकवणे सुरू करावे लागेल," आणि सही केली. अहवाल संमत झाला. मी व्याख्यानं बघितली तितक्या बारकाईने समितीने तो वाचला असता, तर झाला नसता.

पहिल्या तासाला पडदा नावांनी भरून गेला. मी म्हटलं, "आता प्रत्येकीने एक वाक्य लिहून पाठवा." एकही वाक्य आलं नाही. मग कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्यातून दोघींचं बोलणं ऐकू आलं. चाकणच्या बाजूच्या बायका असाव्यात.

"बटण कुठं हाय गं? न्हाई दिसत."

"आगं, ह्यात बटण न्हाईच."

"मंग मॅडम थांबल्यात कशापायी?"

"आगं बाय! ह्या खऱ्या हायेत!"

धडाधड आवाज बंद झाले. दुसऱ्या रविवारी निम्मी नावं गळाली, तिसऱ्या रविवारी आणखी. ज्या उरल्या, त्या लिहायला लागल्या. आमच्या भाडेकरूने माल उशिरा आल्याचा ईमेल परत परत लिहिला, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला नम्रपणे भीक मागितली. मी लाल रंगाने ती भीक खोडत गेले.

"काकू, असं तोंडावर लिहिल्यावर त्यांना राग नाही यायचा?"

"माल उशिरा त्यांनी पाठवलाय ना? मग राग तुला यायला हवा."

"मला येतोय. पण तुमचा," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला बसली.

दिवाळीच्या तोंडावर अभिप्रायाची वेळ आली आणि माझ्या तासाला तीन चांदण्या पडल्या. बहुतेकींनी तीनच दिल्या होत्या, आणि खाली कारणंही लिहिली होती. मागच्या खोल्यांतून आलेलं कारण मी दोनदा वाचलं. मॅडम चांगल्या आहेत, पण फार भरभर बोलतात. आम्ही दमलोय म्हटलं तरी ऐकत नाहीत. एकाच चुकीसाठी पुन्हा पुन्हा बोलतात. इंग्रजीत, शंभराच्या वर शब्द, आणि भीक कुठेही मागितलेली नाही. दोन ठिकाणी 'द' राहिला होता. तो मी सांगितला. तिने कपाळाला हात लावला.

प्राचार्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज दुखवट्याचा होता.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. आपल्या तासामुळे गुणवत्ता घसरली हो. हजेरी बघा, चांदण्या बघा."

"कारणं वाचलीत का?"

"कारणं सिस्टिममध्ये आहेत."

म्हणजे वाचली नव्हती. माझा तास गुणवत्ता सुधार योजनेखाली बंद करण्यात आला. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. कुकरच्या शिट्ट्यांचं व्याख्यान पूर्ववत चालू झालं आणि लगेच पाच चांदण्यांवर गेलं. खोकला अजून कुणी कापलेला नाही.

कंपनीतली परीक्षा दिवाळीनंतरच्या आठवड्यात झाली. खोक्यात खिळे कमी निघाले आहेत, असं पुरवठादाराला कळवायचं होतं. तिने चार वाक्यं लिहिली. किती मागवले, किती आले, किती कमी पडले, बाकीचे कधी पाठवता, आणि खाली नाव. शेजारी बसलेल्या मुलाने दीड पान लिहिलं. ते बघून तिने आपली चार वाक्यं पुन्हा मोजली. घरी आल्यावर ती माझ्यावरच चिडली.

"सगळं खोडून टाकायला लावलं तुम्ही. आता चार वाक्यावर कोण जागा देतंय? गुडघ्याला तेल लावतच मरायचं का मी?"

मी ऐकून घेतलं. दीड पानाची माणसं मी आयुष्यभर वर चढताना पाहिली आहेत. निकाल लागेपर्यंत ती माझ्याशी भाजी देण्याघेण्यापुरतंच बोलली.

जागा तिला मिळाली. का, ते विचारू नका. तिथल्या साहेबाला बहुधा त्या दिवशी घाई असेल. पहिल्याच दिवशी दुपारी तिने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तिचा नव्हे, खुर्चीचा. चाकं असलेली, पाठ उंच, हातांना टेकायला जागा. मी अभिनंदन केलं आणि सवयीप्रमाणे खाली लिहिलं की सारखं वाकून बसू नकोस, पाय जमिनीला टेकव, पाठ सरळ ठेव.

लगेच इंग्रजीत उत्तर आलं, एका ओळीचं, सगळं जिथल्या तिथे.

"आय नो हाऊ टु सिट, काकू."