दोन्ही फिल्म खऱ्या होत्या

वनिताताईंवर मी केलेली लेखी तक्रार चुकीची होती, एवढंच मला इथे सिद्ध करायचं आहे.

त्या काल सकाळी गेल्या. त्यांना आता या सिद्धतेचा उपयोग नाही. तक्रार मात्र अजून फाइलमध्ये आहे आणि तिच्याखाली सही माझी आहे.

वनिताताई मूळच्या रामटेककडच्या. रामदासपेठेतल्या एका एक्स-रे सेंटरवर टेक्निशियन होत्या.

माझी नात रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. आई-वडील परदेशी, ती आमच्याकडे. तिला स्कोलिओसिस निघाला, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकत होता. वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा. बाक वाढला तर ऑपरेशन.

पहिली फिल्म दुसऱ्या सेंटरची. दुसरी वनिताताईंनी काढली.

मास्कचे दिवस होते. रेवाने त्यांचा चेहरा पाहिला नाही. मी तर बंद दाराबाहेर होतो. मला फक्त आवाज ऐकू आला.

"श्वास घे वं माय. आता थांब. हालू नको."

एक बारीक टक्.

"झालं. सोड श्वास."

तोवर दाराबाहेर मीही श्वास रोखून धरला होता.

घरी येऊन मी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवल्या, नाव सरळ वाचता येईल अशा.

पहिल्या फिल्ममध्ये कणा डावीकडे वाकला होता.

दुसऱ्या फिल्ममध्ये उजवीकडे.

शिवाय दुसऱ्या फिल्मवर कमरेखाली पानाच्या आकाराची एक पांढरी, रिकामी जागा होती. जणू तेवढं शरीर कुणी काढून नेलं होतं.

रेवा माझ्या मागे उभी राहून स्वतःला पाहत होती. तिच्या बरगड्यांमधून अंगणातला कडुनिंब हलताना दिसत होता.

"आबा, मी झोपली की कणा कूस बदलते का जी?"

मी फिल्मवर बोट ठेवून मणके मोजत होतो.

"पण आबा, या वेळी त्या काकूनं मले..."

"थांब. मला विचार करू दे."

ती थांबली.

मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. परस्परविरोधी दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत. कणा एकाच बाजूला वाकलेला असणार. म्हणून एक फिल्म दुसऱ्याच कुणाची.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फिल्म घेऊन मी सेंटरवर गेलो.

"यातली एक खोटी आहे. कोणती?"

वनिताताईंनी त्या उजेडात धरल्या. "दोन्ही खऱ्या आहेत, सर."

"ते शक्य नाही. फिल्म बदलली गेली का? हो की नाही?"

"नाही जी. मी पोरीले पाठ..."

"हो की नाही, एवढंच विचारलं आहे."

"नाही."

"मग पुन्हा काढा."

"काहून काढू? तुमची शंका फेडाले लेकराच्या आंगावर अजून एक डोस? डॉक्टरचा कागद आणा. नाहीतर तुमचा काढून देतो, सर. तुमची वाढ होऊन गेली."

रांगेतले लोक हसले.

ते हसू माझ्या तक्रारीत 'उर्मट वर्तन' या शब्दांत आलं. फिल्मची अदलाबदल आणि तो पांढरा डाग हे उरलेले दोन मुद्दे. मालकांनी माफी मागितली. दुसऱ्या टेक्निशियनकडून तिसरी फिल्म काढून दिली.

ती पहिलीशी तंतोतंत जुळली. पांढरी जागा नव्हती. कमरेचं हाड पूर्ण उघडं दिसत होतं.

मला हायसं वाटलं. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहितो आहे.

सोमवारी डॉक्टरांनी दुसरी फिल्म उलटी केली आणि तिसरीवर ठेवली.

कण्यावर कणा बसला. एक मणकाही इकडेतिकडे नाही.

"ही पाठमोरी उभी करून काढली आहे, म्हणून डावं-उजवं उलटलं," ते म्हणाले. "किरण समोरून आला की वाढत्या छातीवर थेट पडतो. पाठीकडून आला की तिथे पोचेपर्यंत बराच कमी होतो. मुलीचे एक्स-रे इतक्या वेळा काढायचे तर असेच काढावेत. टेक्निशियन जाणती आहे."

पांढरी जागा म्हणजे बीजकोशांच्या बचावासाठी कमरेवर धरलेलं शिशाचं कवच. ते हल्ली सगळे लावत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. पाठ फिरवण्याबद्दल मात्र दुमत नाही. कोपऱ्यात बाजू सांगणारं शिशाचं अक्षर होतं. आयुष्यभर तळटीपा वाचणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

"आणि ही तिसरी कुणी काढायला सांगितली?"

"मी."

त्यांनी तिसरी फिल्म तेवढी पाकिटात घालून माझ्या हातात दिली.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा वनिताताई मशीनवर नव्हत्या. काउंटरवर नावं लिहून घेत होत्या. माझ्याकडे न पाहता रेवाला म्हणाल्या, "पाठ कराले सांगजो वं माय."

तक्रार मागे घ्यायला जाईन म्हणत राहिलो. गेलो नाही.

रेवाचं ऑपरेशन टळलं. आता ती पुण्यात शिकते. काल मी तिला श्रद्धांजलीच्या मेसेजमधला वनिताताईंचा फोटो पाठवला. तिचा फोन आला.

"या कोण, आबा?"

"एक्स-रेवाल्या. 'श्वास घे वं माय, आता थांब' म्हणायच्या, त्या."

पलीकडचा आवाज बंद झाला. श्वाससुद्धा ऐकू येईना. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा, का कोण जाणे, मी म्हणालो,

"झालं. सोड श्वास."

तेव्हा तिने सोडला.

मग म्हणाली, "आबा, तेव्हा खिडकीपाशी मी तेच तर सांगत होती. त्या काकूनं मले मशीनकडे पाठ करून उभी केली होती."

वनिताताई, तक्रार मागे घेतो. उशिरा, आणि सर्वांसमोर. या नमस्कारापलीकडे माझ्यापाशी काही नाही.

कबुली: साक्षीदार माझ्या मागेच उभी होती. ती बोलू लागली, तेव्हा मी तिला 'थांब' म्हणालो. चूक एवढी एकच. बाकी सर्व त्या चुकीतून निघालं.

(सही)
वसंत देशकर
नागपूर